तंबाखू सुटत नाही, मग काय करावे?

आपल्या खेड्यापाड्यांत तंबाखू हा नुसता शौक नाही, तो रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या, मग चहा आणि चहा झाला की चंची किंवा डबी पुढे सरकते. दोन अनोळखी माणसे बांधावर भेटली आणि एकाने "काढा जरा चिमूटभर" म्हटले की ओळख झालीच. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देणारा गडी झोप मारायला बार भरतो. ऊसतोडीच्या फडात कामकरी माणूस भूक मारायला तंबाखू मळतो. घरातली म्हातारी सकाळी चुलीपाशी बसून मिश्री लावते आणि तिच्याकडे पाहून सूनही लावू लागते.

अशा ठिकाणी "तंबाखू वाईट, सोडून द्या" एवढे भिंतीवर रंगवले म्हणजे काम झाले असे होत नाही. वाईट आहे हे आता बहुतेकांना ठाऊक असते. पुडीवरचे चित्र सर्वांनी पाहिलेले असते. तरीही २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात शंभर प्रौढांमागे सुमारे २७ जण तंबाखूचे कोणते ना कोणते सेवन करताना आढळले. त्यांतले सुमारे २४ जण तोंडात धरण्याची किंवा दाताला लावण्याची तंबाखू वापरणारे होते. विडी-सिगारेट ओढणारे चारच्या आसपास भरले. म्हणजे आपल्याकडचा मुख्य प्रश्न धुराचा नसून चुना लावलेल्या चिमटीचा आहे.

ज्याला सोडता येते त्याने आजच सोडावी, यात दुमत नाही. हा लेख आहे तो ज्यांनी चार वेळा सोडली आणि पाच वेळा धरली त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी.

समजुती कशा बदलत गेल्या

तंबाखूचे झाड मूळचे अमेरिकेतले. पोर्तुगीजांबरोबर ते आपल्याकडे आले. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापूरला आला होता. त्याने परत जाताना तिथून तंबाखू नेऊन दरबारात पेश केली, अशी नोंद आहे. त्याआधी १५६० च्या सुमारास झाँ निको नावाच्या फ्रेंच वकिलाने पोर्तुगालमधून ती औषध म्हणून आपल्या राजदरबारी पाठवली. त्याच्याच नावावरून पुढे 'निकोटिन' हा शब्द पडला. म्हणजे तंबाखूची पहिली ओळख जगाला औषध म्हणून झाली. दात दुखला की तंबाखू, पोट फुगले की तंबाखू, ही आपल्याकडची समजूत त्याच वळणाची आहे.

पुढे ते नगदी पीक झाले. निपाणी, कागल या पट्ट्यात कितीतरी घरांचे संसार या पिकावर उभे राहिले आणि विड्या वळून कितीतरी बायांनी मुले वाढवली. तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली निपाणीला शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले, त्यात गोळीबार होऊन माणसे दगावली. तेव्हा तंबाखूकडे केवळ पाप म्हणून बोट दाखवणे आपल्या भागातल्या माणसाला जमणारे नाही, आणि तसे करून उपयोगही नाही.

त्यानंतर कायदे आले. १९९२ साली तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर आणि टूथपेस्टवर देशात बंदी आली. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास मनाई झाली. २००८ च्या २ ऑक्टोबरपासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद झाले. २०१२ साली महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. या सर्वांनी लोकांचे मत पालटले हे खरे. पण मत पालटताना काही चुकीच्या समजुती तशाच राहिल्या आणि काही नव्या आल्या. त्या आधी निस्तरल्या पाहिजेत.

बांधते एक, मारते दुसरे

पानावर मावा पडला तर तंबाखूचा काढा साबणाच्या पाण्यात मिसळून फवारावा, हा जुना उपाय आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. त्या काढ्यात मावा मारणारे द्रव्य असते ते निकोटिन. तंबाखूच्या झाडाने किडीपासून स्वतःचा बचाव करण्यासाठी ते मुळांत तयार करून पानांत साठवलेले असते. पिकाचा शेंडा खुडला की पानांत निकोटिन वाढते, हे तंबाखू उत्पादकांना सांगायला नको. दवाने किंवा पावसाने भिजलेली पाने उघड्या हातांनी खुडणाऱ्यांना मळमळ, चक्कर, ओकारी होते, तीही कातडीतून शिरलेल्या निकोटिननेच. एके काळी निकोटिन सल्फेट हे कीटकनाशक म्हणून सर्रास वापरात होते, आज आपल्या देशात त्याच्या वापरावर बंदी आहे. तेव्हा निकोटिन निरुपद्रवी आहे असे कोणी सांगत असेल तर ते खोटे आहे.

पण माणसाचा तोंडाचा कर्करोग कशाने होतो, हा प्रश्न वेगळा आहे. निकोटिनचे मुख्य काम बांधून ठेवण्याचे. चिमूट ओठाखाली गेली की थोड्याच वेळात ते रक्तातून मेंदूत पोचते, बरे वाटते, आणि त्याचा अंमल उतरला की पुन्हा तलफ येते. जनावराच्या गळ्यातल्या दाव्यासारखे ते आहे. दावे माणसाला खुंट्यापाशी धरून ठेवते, पण तिथे त्याला जे खावे लागते त्यातले विष निराळे असते. तंबाखूचे पान वाळवताना, मुरवताना आणि साठवताना त्यात नायट्रोसामाइन नावाची द्रव्ये तयार होतात. ती कर्करोग करणारी आहेत. विडी-सिगारेट पेटवली की त्यात डांबरासारखा चिकट अंश आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू यांची भर पडते. फुप्फुसे आणि हृदय यांचा घात मुख्यतः या धुराने होतो. निकोटिनने नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, पण त्याने कर्करोग होतो असे आढळलेले नाही.

मायकेल रसेल या इंग्रज डॉक्टरांनी १९७६ साली हीच गोष्ट मांडली. माणसे निकोटिनसाठी ओढतात, पण मरतात ती धुरातल्या डांबराने, असे त्यांचे म्हणणे होते. मग दावे आणि विष वेगळे करता आले तर? स्वीडनमधल्या औषधशास्त्रज्ञांनी याच्या आधीच तो प्रयत्न सुरू केला होता. पाणबुडीत विडीकाडी ओढता येत नाही म्हणून तिथले खलाशी तोंडात तंबाखू धरीत, हे पाहून ओव्हे फेर्नो या शास्त्रज्ञाने निकोटिन घातलेले च्युइंग गम तयार केले. १९७८ साली ते स्वित्झर्लंडमध्ये औषध म्हणून विक्रीस आले. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने निकोटिनची अशी औषधे आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. आपल्याकडे २ मिलिग्रॅमचे गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते.

आणि इथेच आपल्या समजुतीचा घोटाळा आहे. चाळीस वर्षे मिश्री लावणारी म्हातारी म्हणते, "आवं साहेब, ही काय तंबाखू हाय व्हय? हे तर दातवण." आणि तिचाच मुलगा गमच्या पाकिटावर निकोटिन हे नाव वाचून म्हणतो, "हे विष कोण खाणार?" तव्यावर जाळलेली तंबाखू दातवण ठरते आणि मोजून घातलेले औषध विष ठरते. हे उलटे झाले आहे.

फवारणीचा न्याय

नुकसान कमी करणे ही कल्पना शेतकऱ्याला नवी नाही. औषध फवारण्यात धोका आहे हे सर्वांना ठाऊक आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर मरण पावले, ते कोणी विसरलेले नाही. तेव्हा आपण काय सांगतो? शक्य तर फवारू नका, सापळे लावा, मित्रकिडी जपा. पण फवारावेच लागले तर तोंडाला फडके बांधा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या उलट दिशेने चालू नका, नंतर साबणाने हात-पाय धुवा. "फवारतोस ना, मग भोग" असे आपण कोणाला म्हणत नाही.

तंबाखूच्या बाबतीत मात्र आपण दोनच वाटा ठेवतो. एक तर पूर्ण सोड, नाही तर मर. ज्याला पहिली वाट जमत नाही तो दुसरीवर लपतछपत चालू लागतो. बायकोपासून लपवतो, डॉक्टरांपासून लपवतो, आणि गालाच्या आत पांढरा चट्टा पडला तरी शरमेने कोणाला दाखवत नाही. शरमेपायी गेलेले सहा महिने या रोगात फार महाग पडतात. २०२२ च्या जागतिक आकडेवारीप्रमाणे तोंडाच्या कर्करोगाचे जगातील एक तृतीयांशाहून अधिक नवे रोगी आपल्या देशातले होते.

परदेशचा कित्ता गिरवू नये

हानी कमी करण्याच्या नावाखाली दुसरीकडचे काहीही आपल्याकडे आणावे असा याचा अर्थ नाही. स्वीडनमधले पुरुष सिगारेटऐवजी 'स्नूस' नावाची तंबाखू ओठाखाली धरतात आणि तिथे पुरुषांत फुप्फुसाचा कर्करोग युरोपात खूपच कमी आहे. हे ऐकून कोणी म्हणेल, "बघा, तंबाखू धरलेली बरी!" पण तिथली तंबाखू वाफेच्या उष्णतेने प्रक्रिया केलेली असते आणि तिच्यातले नायट्रोसामाइन मुद्दाम कमी राखलेले असते. आपल्याकडच्या पुडीत ते पुष्कळ असते. शिवाय आपण चुना मळतो. चुन्याने निकोटिन झटकन सुटून रक्तात जाते आणि तोंडाची नाजूक त्वचा भाजून निघते. म्हणून विडी सोडून तंबाखू-चुना धरणे ही आपल्याकडे हानी कमी करण्याची वाट नव्हे, एका विहिरीतून निघून दुसरीत पडणे आहे.

इंग्लंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना ती सोडण्यासाठी विजेच्या सिगारेटचा आधार घ्या असे सरकारी आरोग्यसेवाच सांगते. आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने तिची विक्री, आयात आणि साठवण बंद आहे. आपल्याकडे मुख्य प्रश्न चघळण्याचा असल्याने चोरून मिळणाऱ्या त्या वस्तूच्या मागे लागण्याचे काहीच कारण नाही. तरुण पोरांनी तर मुळीच नाही.

आणखी तीन खोट्या वाटा सांगतो. पहिली, गुटखा सोडून सुगंधी सुपारी किंवा साधा पानमसाला. सुपारी ही स्वतःच कर्करोग करणारी वस्तू आहे आणि तिने गालाची आतली त्वचा दोरीसारखी घट्ट होऊन तोंड उघडेनासे होते. पानटपरीवरच्या माव्यात आणि विदर्भातल्या खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना तिन्ही एकत्र असतात. कपाशीवरच्या माव्याला आपण जेवढे घाबरतो तेवढे या माव्याला घाबरले पाहिजे. दुसरी, सिगारेटऐवजी विडी. विडीत तंबाखू थोडी असली तरी टेंभुर्णीच्या पानामुळे ती जोरात ओढावी लागते आणि डांबर व निकोटिन कमी जात नाही. तिसरी, वीसच्या जागी दोनच सिगारेटी ओढणे. ही सोडण्याकडे जाणारी पायरी म्हणून चांगली, पण तिथेच थांबले तर हृदयाचा धोका फारसा उतरत नाही. दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्यालाही, वीस ओढणाऱ्याला जेवढा जादा धोका असतो त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

मग करावे काय

प्रथम आपली तलफ ओळखावी. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत बार भरावा लागत असेल, तर दावे घट्ट आहे असे समजावे. अशा माणसाने नुसत्या निर्धारावर भिस्त ठेवू नये, औषधाची मदत घ्यावी. सोडण्याचा दिवस सुगीच्या धांदलीत धरू नये. पहिले तीन-चार दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही, डोके जड होते, आणि दोन ते चार आठवड्यांत हे ओसरते. कामाचा ताण कमी असलेला पंधरवडा त्यासाठी निवडावा.

निकोटिनचे गम घ्यायचे तर ते साध्या गमसारखे चावत बसू नये. हळूहळू चावावे, जिभेला तिखट चरचर लागली की थांबावे आणि गाल व हिरडी यांच्या मध्ये धरावे. जिथे तंबाखू धरण्याची सवय आहे नेमके तिथेच, म्हणून तंबाखू खाणाऱ्याला हे लवकर जमते. चरचर गेली की पुन्हा चावावे. असे अर्धा तास करावे. त्याआधी पाव तास आणि गम तोंडात असताना चहा, ताक, लिंबू असे काही घेऊ नये, नाही तर निकोटिन नीट शोषले जात नाही. भराभर चावून लाळ गिळली तर उचकी लागते व छातीत जळजळते. पहिले काही आठवडे तलफेच्या वेळी एक याप्रमाणे घ्यावे, आणि तीन महिन्यांत हळूहळू कमी करीत बंद करावे. गम घेत असताना तंबाखू खाऊ नये. २ मिलिग्रॅमने भागत नसेल तर डॉक्टरांना विचारावे, जास्त ताकदीचे गम चिठ्ठीवर मिळते.

गमने जादू होते असे मी म्हणणार नाही. विडी-सिगारेटवाल्यांत अशा औषधांनी सोडण्यात यश येण्याची शक्यता दीडपटीच्या आसपास वाढते असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. चघळणाऱ्यांत पुरावा तेवढा भक्कम नाही, तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात त्यांच्यासाठीही निकोटिनची औषधे किंवा व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी सुचवली आहे. ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्र असते तिथे जावे, किंवा १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत.

दोन इशारे ध्यानात ठेवावेत. गरोदर बाईने आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाने गमसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि ज्याला तंबाखूचे व्यसन नाही त्याने, विशेषतः मुलांनी, त्याला हातही लावू नये. लहान मुलाने गम किंवा तंबाखू खाल्ली तर विषबाधा होते. दोन्ही त्यांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत.

ज्याला आज काहीच सोडवत नाही त्यानेही निदान एवढे करावे. तोंडात बार धरून झोपू नये. सुपारी आजपासून बंद करावी. घरात, पोराबाळांजवळ विडी ओढू नये. मिश्री घरात भाजू नये. दर महिन्याला उजेडात आरशासमोर उभे राहून ओठ, गाल, जीभ पाहावी. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड, किंवा आपली तीन बोटे उभी तोंडात जात नसतील तर दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठावा. हे केल्याने तंबाखू सुरक्षित होत नाही. वेळ मिळतो, आणि त्या वेळात पुन्हा सोडण्याचा प्रयत्न करता येतो.

घरच्यांसाठी दोन शब्द

भगिनींनो, मिश्रीचा विषय तुमचा आहे. गरोदरपणात मिश्री लावणाऱ्या बाईचे मूल कमी वजनाचे जन्मते. तेव्हा दिवस गेल्याचे कळताच ती बंद झालीच पाहिजे. सासूबाईंची चाळीस वर्षांची सवय एका दिवसात जाणार नाही. पण "आत्या, पोरीसमोर नका लावू" एवढे सुनेने गोडीत सांगितले तर पुढची पिढी तरी वाचते. दात दुखतो म्हणून मिश्री लावत असतील तर त्यांना दाताच्या डॉक्टरांकडे न्यावे. बहुतेक ठिकाणी मिश्रीची सुरुवात दुखणाऱ्या दाढेनेच झालेली असते.

घरधनी सोडण्याचा प्रयत्न करीत असेल आणि आठव्या दिवशी त्याच्या खिशात पुडी सापडली तर चारचौघांत त्याचा पाणउतारा करू नये. पेरलेले सगळेच बी पहिल्या खेपेला उगवत नाही, म्हणून रान कोणी पडीक टाकत नाही. जिथे उगवले नाही तिथे नांगे भरतो. तसाच पुन्हा दिवस ठरवावा. मित्रांनीही त्याच्यापुढे डबी धरू नये. पाहुणचाराला चहा पुरतो, हवी तर बडीशेप द्यावी.

ज्याच्या घरात तंबाखू आहे त्याने हा अंक वाचून झाल्यावर एकच काम करावे. दिवसाउजेडी त्या माणसाला ओसरीवर बसवून तोंड उघडायला सांगावे, आणि आत काय दिसते ते पाहावे. रागावू नये. काही दिसले तर सोबत दवाखान्यात जावे, काही दिसले नाही तर सोडण्याचा दिवस त्याच्याबरोबर बसून ठरवावा.